जीभ कुणाची, बातमी कुणाची

फान देमाओंनी सशाचं मुंडकं ताटात तसंच ठेवलं, तेव्हाच खरं तर सगळ्या घराने दचकायला हवं होतं. मिरच्या आणि तिरफळांत लाल केलेलं सशाचं मुंडकं म्हणजे या गृहस्थांचा जीव की प्राण. जबडा उघडून, गालफडं चोखून, शेवटचं हाड स्वच्छ होईपर्यंत ते कुणाशी बोलत नसत. त्यांचं न बोलणं म्हणजे घरात एवढंच. एरवी तोंडाचा पट्टा अखंड चालू. चीनमधल्या चेंगदू शहराच्या पूर्वेला यंत्रांचा मोठा कारखाना होता, तिथे त्यांनी उभी हयात ध्वनिक्षेपकावरून घोषणा देण्यात घालवली. पाळी सुटली, कॅन्टीनमध्ये आज मांस आहे, दुसऱ्या फाटकाशी कुणाची तरी सायकल आडवी पडली आहे, अमक्याला मुलगी झाली, अभिनंदन. कारखाना बंद पडला, तिथे आता उंच इमारती आल्या, पण जुने कामगार अजून त्यांना 'भोंगा' म्हणतात आणि त्यांनाही ते ऐकून बरं वाटतं.

"काय झालं बाबा?" मोठा मुलगा जिनहाय याने विचारलं. त्याचं शेवयांचं छोटंसं दुकान होतं. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून सगळे तिथेच जेवत.

"जिभेला चरचरतंय. कडेला काहीतरी आलंय."

"उष्णता झाली असणार. परवा च्यूकाकांबरोबर तिखट रश्श्याची कढई चापलीत ना? उद्यापासून शेवंतीचा चहा आणि कारलं. लिची बंद."

झालं, निदानही झालं आणि औषधही. आमच्या चेंगदूत तोंडात काहीही झालं की ती उष्णताच असते. ओठ फुटला, उष्णता. हिरडी सुजली, उष्णता. पोरगं परीक्षेत नापास झालं तरी आधी त्याची उष्णता उतरवतात. तुमच्या घरातही फार वेगळं चालत असेल असं मला वाटत नाही.

"आ करा बघू," धाकटी मुलगी युनशू म्हणाली.

"तू शाळकरी पोरांचे दात रांगेत उभे कर," फान म्हणाले. "माझे दात कारखान्यातले आहेत. त्यांना आधीच शिस्त आहे."

युनशू वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करणारी डॉक्टर होती. शहरातल्या एका दंत रुग्णालयात सकाळी पेशंट आणि दुपारनंतर संशोधन. तारेचं टोक गालाला किंवा जिभेला घासतं, तिथे व्रण होतो. बहुतेक व्रण चार दिवसांत भरून येतात, काही मात्र चिवटपणे तसेच राहतात. असं का होतं, आतली कातडी नेमकी कशी बदलते, हा तिचा अभ्यासाचा विषय. पेशंटला विचारून ती तिथला मोहरीएवढा कण काढायची आणि तळमजल्यावर ओउयांग बाईंच्या प्रयोगशाळेत पाठवायची.

या ओउयांग बाई म्हणजे तोंडातल्या कातडीच्या आजारांतलं सगळ्यात जाणतं माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रुग्णालय त्यांना सोडत नव्हतं आणि त्याही रुग्णालयाला सोडत नव्हत्या. त्यांच्याकडे एक नियम होता. काचेवरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी विद्यार्थ्याने तो कुणाचा ते मोठ्याने सांगायचं. नाव नाही, क्रमांकही नाही, माणूस सांगायचा. मुलगी, चौदा वर्षांची, बास्केटबॉल खेळते, तार लावल्यापासून हसत नाही. मग किंचित वाकून नमस्कार करायचा आणि मगच डोळा लावायचा. नवी पोरं पहिल्यांदा खुसुखुसु हसत. बाई त्यांना हसू देत आणि हसून झालं की परत पहिल्यापासून सांगायला लावत.

तर युनशूने बापाला जबरदस्तीने रुग्णालयातल्या खुर्चीत बसवलंच. खालची एक दाढ आत कलली होती, तिची धार जिभेला लागत होती. युनशूला बरं वाटलं. तिने धार घासून गुळगुळीत केली.

"दात घासत होता, दुसरं काही नाही. आठवड्यात भरेल. नाही भरलं तर लगेच यायचं."

दात बघणाऱ्याला सगळीकडे दातच दिसतो, त्यात तिची एकटीची चूक नाही. आठवडा गेला, मग दुसरा गेला. फान आले नाहीत. फोन केला की म्हणायचे, "शेवंतीचा चहा पितोय, उतरतंय." ती कामात होती आणि तिलाही ते ऐकायला सोयीचं होतं. पुढच्या महिन्यात जेवताना त्यांनी साधा टोफूसुद्धा एकाच बाजूने चावलेला तिने पाहिला, तेव्हा जेवण अर्धं टाकून ती त्यांना रुग्णालयात घेऊन गेली. हातमोजा घालून तिने जिभेच्या कडेवर बोट फिरवलं. व्रणाच्या खाली कडक लागलं.  असा कडकपणा तिने याआधीही बोटाखाली अनुभवला होता, पण तेव्हा तोंड दुसऱ्या कुणाचं होतं.

तुकडा तळमजल्यावर गेला. चार दिवसांनी ओउयांग बाईंनी तिला खाली बोलावलं, शेजारी बसवलं आणि सूक्ष्मदर्शक तिच्याकडे वळवला.  बोलायची गरज नव्हती, कारण कर्करोग कसा दिसतो ते त्यांनीच तिला शिकवलं होतं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मुलाला आणि मुलीला आत बोलावलं. फान बाहेर बाकावर बसून नर्सना जुन्या कारखान्याच्या गमती सांगत होते. दाराआडून त्यांचा आवाज आणि नर्सचं हसणं आत ऐकू येत होतं. आमच्याकडे हीच पद्धत आहे. वाईट बातमी आधी नातेवाइकांना सांगतात आणि पेशंटपर्यंत किती पोचवायची ते नातेवाईक ठरवतात.

"वेळेत सापडलंय," डॉक्टर म्हणाले. "जिभेच्या कडेचा भाग काढू, मानेतल्या गाठीही तपासू. पण महिन्याच्या आत. उशीर करू नका. त्यांना काय सांगायचं, ते तुम्ही बघा."

जिनहायचा निर्णय दाराबाहेर पडण्याआधीच झाला होता. "बाबांना काही सांगायचं नाही. आमच्या मजल्यावरच्या त्या मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी त्याच दिवशी अंथरूण धरलं. रोगाने मरायच्या आधी भीतीनेच गेले. आईलाही आपण कुठे सांगितलं होतं? पोटात अल्सर आहे म्हणालो. बिचारी शांतपणे गेली."

युनशूने मान हलवली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. जे सांगायला जीभ रेटत नव्हती, ते न सांगण्यालाच दादाने प्रेम असं नाव दिलं होतं.

बाकावर बापाच्या शेजारी बसून ती म्हणाली, "बाबा, उष्णतेचं गळू आहे. जरा खरवडून काढावं लागेल."

फान हसले. "उष्णतेला सुरी? मग उद्या कुणाला ताप आला तर करवत लावाल."

आणि इथून पुढे सगळं फिस्कटलं. उष्णताच असेल तर कापायची घाई कसली, असं फान म्हणू लागले, आणि त्यांचं काय चुकलं? शरदातल्या पौर्णिमेला जुन्या कामगारांचा मेळावा होता. पुष्कळ वर्षांनी सगळे जमणार होते आणि सूत्रसंचालन अर्थातच भोंग्याकडे होतं. पौर्णिमेला अजून अडीच महिने होते. "आधी मेळावा, मग तुमची खरवड," त्यांनी जाहीर केलं. मधल्या काळासाठी त्यांनी एका म्हाताऱ्या वैद्याकडून जिभेवर लावायची थंड पूड आणली आणि ती लावून ते ऐटीत चहाच्या बागेत, झाडांखाली खुर्च्या मांडलेल्या चहागृहात, जाऊन बसू लागले.

जिनहायने नवं खोटं रचलं. "बाबा, या महिन्यात रुग्णालयात सवलत चालू आहे. पुढच्या महिन्यात दुप्पट पडेल."

"सेलमध्ये जीभ कापून घेऊ? मग मोजे पण घेतो की दोन जोड."

सुनेने रडून पाहिलं. म्हातारा आणखी हट्टाला पेटला. म्हणाला, एवढ्याशा गळवासाठी ही बाई रडते, हिचीच उष्णता बघा आधी. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं, आणि आत तो व्रण मात्र शांतपणे पसरत होता. महिन्याची मुदत डोळ्यांदेखत सरत चालली, तेव्हा युनशू तळमजल्यावर गेली.

"बाई, तुम्ही बाबांना काहीतरी सांगा," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील. म्हणजे अगदी खरं नको. आत्ता काही नाही, पण पुढे वाईट होऊ शकतं, असं काहीतरी. घाबरतील, पण फार नाही."

ओउयांग बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. त्यांचा चष्मा फार वेळ पुसला जाऊ लागला की विद्यार्थी समजून जात, आज खैर नाही.

"म्हणजे मी त्यांना मापात घाबरवायचं. चमच्याने."

"त्यांना धक्का बसेल हो. हाय खातील."

"खातील कदाचित. मग तू कशाला आहेस? मी काय ऐकलं ते सांगते. डॉक्टरांनी तुम्हा दोघांना आत घेतलं, दार लावलं, आणि ज्याचा जीव आहे तो बाहेर बाकावर बसला होता. त्या दिवसापासून तुम्ही त्यांना बाहेरच बसवून ठेवलंय."

युनशू शेजारच्या स्टुलावर बसली.

"तू अभ्यासासाठी पोरांच्या गालातला कण घेतेस," बाई पुढे म्हणाल्या. "विचारून घेतेस ना?"

"विचारल्याशिवाय कसा घेईन?"

"चौदा वर्षांच्या पोरीलासुद्धा समोर बसवून समजावतेस, हा कण मी का घेते आहे, त्यात काय बघणार आहे. नको म्हणाली तर घेत नाहीस. आणि सगळी हयात बोलण्यात काढलेल्या माणसाची जीभ तू त्याला न सांगता कापायला निघालीस. त्या दिवशी तुझ्या वडिलांचा तुकडा आला तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने काय म्हटलं माहीत आहे? पुरुष, सदुसष्ट वर्षं, फार बोलतो. मग वाकून नमस्कार केला. आमच्या इथल्या परक्या पोराने त्यांचा मान ठेवला, युनशू. ही जीभ कुणाची आहे?"

"बाबांची."

"मग बातमी कुणाची?"

युनशूचे डोळे भरून आले. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आवाज मात्र मऊ केला नाही.

"मी तुकडे बघण्यात म्हातारी झाले. काचेवरचा तुकडा माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. आम्ही इथे एवढ्या कष्टाने खरं शोधून काढतो. ते वर तुमच्या हातात जातं, आणि तुम्ही त्याचं गळू करता. उद्या तुझे बाबा जिभेचा तुकडा गमावून उठतील आणि सगळ्यात आधी तुझ्याकडे बघतील. तेव्हा काय सांगशील, सेल होता म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी युनशू चहाच्या बागेत गेली. फान नेहमीच्या बांबूच्या खुर्चीत, पुढे झाकणाची चहावाटी, हातात वर्तमानपत्र. कारखान्यातले जुने दोस्त च्यूकाका आणि आणखी दोघांना ते बातम्या वाचून दाखवत होते, म्हणजे बातमी एक ओळ आणि त्यावर स्वतःचं मत दहा ओळी.

"काका, मला बाबांशी बोलायचंय," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून तिघेही आपापल्या वाट्या उचलून दुसऱ्या टेबलावर गेले.

"कर्करोग आहे बाबा," ती म्हणाली. दुसरी कोणतीही सुरुवात तिला सुचली नाही. "गळू नाही. सुरुवातीचा आहे, वेळेत सापडलाय. आत्ता काढला तर बरे व्हाल, असं डॉक्टर म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं. पण मेळाव्यापर्यंत थांबता येणार नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी."

फाननी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ती घडी उलगडली आणि परत घातली. बागेत चिनीमातीची झाकणं किणकिणत होती, गिऱ्हाइकांचे कान साफ करून देणारा माणूस आपला चिमटा वाजवत फिरत होता, आणि भोंगा गप्प बसला होता. सशाचं मुंडकं पुढ्यात नसताना युनशूने त्यांना इतका वेळ गप्प कधीच पाहिलं नव्हतं.

"तुझा दादा खोटं बोलतो हे मला माहीत होतं," शेवटी ते म्हणाले. "लहानपणापासून बोलतो, कान लाल होतात. पण म्हटलं, धाकटी सांगते आहे ना गळू, मग गळूच. म्हणून निवांत होतो मी. तुझ्या जिवावर निवांत होतो."

युनशूला वाटलं, याच्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझ्या आईला ठाऊक होतं," फान म्हणाले.

"काय?"

"सगळं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. रोज संध्याकाळी तुम्ही दोघं अल्सर-अल्सर करून घरी गेलात की ती मला म्हणायची, पोरं किती मनापासून खोटं बोलतात, त्यांना कळू देऊ नका. तुम्ही तिच्यासमोर नाटक करत होता, ती तुमच्यासमोर करत होती, आणि मी दोन्हीकडे टाळ्या वाजवत होतो. शांतपणे गेली म्हणता ना तुम्ही? शांत नव्हती ती. तिला बोलायचं होतं. तुझ्या मावशीशी भांडण मिटवायचं होतं, जिनहायला काही सांगायचं होतं. पण तसं बोलली असती तर तुम्हाला कळलं असतं की तिला कळलंय. म्हणून गिळून टाकलं सगळं."

चहावाल्याने येऊन फान यांच्या वाटीतल्या चहाच्या पानांवर गरम पाणी घातलं आणि तो पुढे गेला. युनशू तोंडावर हात धरून रडत होती. फाननी तिला रडू दिलं. मग खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे सरकवला.

"किती कापतील?"

तिने आपल्या करंगळीच्या टोकावर दाखवलं.

"बोलता येईल?"

"पहिले काही महिने बोबडं येईल. सराव केलात तर पुष्कळसं परत येईल. पूर्वीसारखं अगदी नाही."

"हं." त्यांनी चहाचा घोट घेतला, दुखऱ्या बाजूला लागू न देता. "मग मेळावा पौर्णिमेला घेऊन कसं चालेल? च्यू, इकडे ये रे. फोन आहे ना तुझ्याकडे? सगळ्यांना सांग, मेळावा या रविवारी. पौर्णिमेला चंद्र येतोच आहे, त्याला मी लागत नाही."

जिनहायला कळलं तेव्हा तो दुकानातला झारा हातात घेऊनच बहिणीच्या घरी आला. "तू बाबांना मारलंस," तो म्हणाला. "डॉक्टर झालीस म्हणून काळीज काढून ठेवलंस का?"  तिला आईचं तेवढं सांगावंसं वाटलं, पण ते सांगणं बाबांचं होतं.

रविवारी जिनहायच्या दुकानात आणि बाहेरच्या पदपथावर मिळून जुने कामगार जमले. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या हाताला धरून. च्यूकाकांनी कुठून तरी एक माइक पैदा केला होता. तो नीट चालत नव्हता आणि त्याची कुणाला गरजही नव्हती. फान स्टुलावर उभे राहिले.

"कामगार बंधू-भगिनींनो, लक्ष द्या. माझ्या जिभेला कर्करोग झाला आहे. गुरुवारी कापणार आहेत. तेव्हा ही या जिभेची शेवटची मोठी घोषणा. मध्ये कुणी खोकू नका."

लोक हसावं की रडावं अशा बेतात होते. मग त्यांनी आभार मानायला सुरुवात केली. लोखंड वितळवणाऱ्या ओतशाळेतल्या माणसाचे मानले, त्याने एका हिवाळ्यात त्यांच्या खोलीत गुपचूप कोळसा आणून टाकला होता. कॅन्टीनमधल्या वाढपिणीचे मानले, ती युनशूच्या डब्यात दरवेळी एक अंडं जास्त घालायची आणि विचारलं तर मोजायला चुकले म्हणायची. ती आता पार वाकलेली म्हातारी झाली होती. "चुकायचे कसली," ती तिथूनच ओरडली, "मुद्दाम घालायचे." युनशूचेही मानले. "हिने मला खरं सांगितलं. थोडं उशिरा सांगितलं, पण स्वतः येऊन, समोर बसून सांगितलं," असं म्हणाले.

"आणि जिनहाय," ते म्हणाले. मुलगा चुलीपाशी पाठ करून उभा होता. "कारखान्याची नोकरी सोडून तू शेवया विकायला लागलास तेव्हा तुझी आई तुला नाही नाही ते बोलली. शेवटच्या दिवसांत ती मला रोज म्हणायची, पोरगं बरोबर होतं, मी चुकले. त्याच्या हातच्या रश्श्यासारखा रस्सा माझ्याने कधी झाला नाही. हे तिला तुला सांगायचं होतं रे. तिला आपला आजार माहीत होता. आपण तिला माहीत नाही असं धरून चाललो, म्हणून तिला बोलता आलं नाही. तिचं राहिलेलं मी सांगतो. माझं मात्र मी राहू देणार नाही. तू चांगला मुलगा आहेस. आणि खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

जिनहायने झारा खाली ठेवला. तो वळला आणि त्या सगळ्या गर्दीत बापाच्या कमरेला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. स्टूल डगमगलं, च्यूकाकांनी धरलं. युनशू जवळ गेली तेव्हा तो म्हणाला, "आईला कळत होतं, आणि मी रोज तिच्यासमोर सफरचंद सोलत अल्सरच्या गप्पा मारत होतो."

"मी पण तिथेच बसले होते, दादा."

"बाबांना सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "माझ्याने नसतं झालं."

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. मानेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, रोग तिथवर पोचला नव्हता. फान शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी युनशूकडेच पाहिलं. बाई म्हणाल्या होत्या अगदी तसंच. पण त्या नजरेत विचारणं नव्हतं, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आपल्या तोंडात काय झालंय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोळा मिचकावला. युनशू बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिने मनातल्या मनात तळमजल्याच्या दिशेने मान झुकवली.

पुढचे महिने सोपे गेले, असं खोटं मी तुम्हाला सांगणार नाही. गिळताना त्रास व्हायचा, बोलायला गेलं की शब्दांचा लगदा व्हायचा. एकदा चिडून त्यांनी पेजेची वाटीसुद्धा भिरकावली. पण सरावात खंड पडला नाही. रोज सकाळी चहाच्या बागेत च्यूकाका वर्तमानपत्र पुढे धरायचे आणि फान वाचायचे. आता एका बातमीला तेवढाच वेळ लागायचा, जेवढा पूर्वी बातमी आणि मत मिळून लागायचा.

हिवाळ्यात ओउयांग बाईंनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. शस्त्रक्रियेआधी फाननी स्वतः सांगून ठेवलं होतं, काढलेला तुकडा अभ्यासाला घ्या, पोरांना शिकू द्या. नव्या विद्यार्थ्यांचा तो पहिला दिवस होता. एका मुलीने काच हातात घेतली आणि नियमाप्रमाणे सांगायला सुरुवात केली, "पुरुष, सदुसष्ट वर्षं, कारखान्यात घोषणा देत असत..."

"सशाची मुंडकी आवडतात," मागून जाडसर आवाज आला. "ते राहिलं."

सगळी पोरं वळली. आजवर त्या खोलीत कुणी तुकड्याचा मालक पाहिला नव्हता. हसावं की नाही ते त्यांना कळेना. मग ती मुलगी काचेसमोर नाही, फान यांच्यासमोर वाकली, आणि तिच्यामागे सगळी रांग वाकली. सगळ्यात शेवटी ओउयांग बाई वाकल्या. दारात उभा असलेला जिनहाय डोळे पुसत होता आणि या वेळी लपवत नव्हता.

फान जरा गोंधळले. मग घसा खाकरून, एकेक शब्द जपून उचलत म्हणाले, "बंधू-भगिनींनो, लक्ष द्या. आभार तुमचे. पाळी सुरू झाली आहे. कामाला लागा."

वाचकहो, आपल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून आपण खोटं बोलतो, आणि त्यात प्रेम असतं हे मी नाकारत नाही. पण आजारी माणसाला फक्त औषध लागत नाही. त्याला आभार मानायचे असतात, भांडणं मिटवायची असतात, हट्ट सोडायचे असतात, आणि त्यासाठी त्याला आपली खरी अवस्था कळायला हवी. ती लपवली तर तेवढा वेळ आपण त्याच्या हातून काढून घेतो. तेव्हा तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर उष्णता म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तिथे जे कळेल ते, हात हातात धरून, आधी त्यालाच सांगा, ज्याचं ते तोंड आहे.